चिमणीच्या चोचीतला धागा

त्या हिवाळ्यात आमच्या घरी रोज वांगी होती. सकाळी भाकरीबरोबर भरीत, संध्याकाळी ओल्या तुरीचे सोले घालून भाजी, आणि मधल्या वेळी कोणी आलंच तर तव्यावर परतलेल्या काचऱ्या. माझी मुलगी अजून विचारते की आई, तू वांगं का खात नाहीस, आणि मी पित्ताचं कारण सांगते. पित्तबित्त काही नाही. एका हिवाळ्यात माणसानं किती वांगी खावीत याला काही सुमार असतो. त्यातून आमच्याकडे ती वांगी कोणाच्या ओळीतून आली यावरून रोज बोलणं व्हायचं, आणि ते बोलणंही घासाबरोबर गिळावं लागायचं. मी तेव्हा नववीत होते. घरात आई, बाबा, शांताआत्या आणि मी. एवढ्या चार माणसांत इतका गोंधळ कसा झाला हे मी पुष्कळदा मनात लावून पाहिलं, पण एक ना एक तुकडा उरतोच.

आमचा मळा धाडच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. बाबा पिढीजात भाजीपाला करणारे, पण त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांना बियाण्याचा प्लॉट मिळाला होता. म्हणजे कंपनीनं दिलेली वांग्याची रोपं लावायची आणि वांगी विकायची नाहीत, तर पिवळी पडेपर्यंत झाडावर पिकवून त्यांचं बी काढून द्यायचं. त्यासाठी फुलं हातानं फळवावी लागत. आदल्या दिवशी उमलायला आलेल्या कळीतले पिवळे केसर चिमट्यानं खुडायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यात लावलेल्या नर झाडांचा पराग काडीनं तिच्यावर टेकवायचा, आणि झालं याची खूण म्हणून देठाला लाल लोकरीचा धागा बांधायचा. धागा असलेलं वांगं बियाण्याचं. धागा नसलेलं आपोआप फळलेलं, त्याचं बी चालत नाही, ते कोवळं असतानाच तोडून टाकायचं. तोडलेलं टाकणार कोण? ते आमच्या चुलीवर यायचं. कंपनीचा माणूस मोटरसायकलवरून यायचा, ओळीतून चालायचा, आणि धाग्याची झाडं पाहून मान हलवायचा. बिनधाग्याचं एक वांगं जरी पिकल्या ढिगात सापडलं तरी सगळा प्लॉट रद्द, असं तो हसत हसत सांगायचा. बाबा मात्र हसत नसत.

विहिरीजवळच्या दहा ओळी घरच्या बायकांकडे होत्या. पाण्याच्या दांडाच्या अलीकडे पाच आईच्या, पलीकडे पाच आत्याच्या. लांबच्या ओळींवर गावातल्या बाया यायच्या. शांताआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. डोणगावला दिलेली. त्या दिवाळीला ती भाऊबीजेसाठी म्हणून आली ती पत्र्याची पेटी घेऊनच, आणि परत गेली नाही. का आली हे मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलं की आई म्हणायची, "तुले काय करायचं वं, अभ्यास कर." आत्याला विचारलं तर ती कळी खुडता खुडता म्हणायची, "मले तिथे नाही जाचं, एवढंच ध्यानात ठेव माय." तिचा हात फार हलका होता. आई धागा ताणून दोन गाठी मारायची, आत्या सैलसर एकच. "देठ कवळं असते, गळा आवळला तं फूल गळते," म्हणायची. मला दोघींचंही बरोबर वाटायचं.

शाळा धाडला होती. आमच्या चित्रकलेच्या सरांनी तालुक्याच्या प्रदर्शनासाठी विषय दिला, 'हिवाळ्यातील बाग आणि पक्षी'. वर्गातल्या सगळ्यांनी ताबडतोब कारंजं, झोपाळा, गुलाबाचे वाफे आणि दोन पोपट काढायला घेतले. आमच्यापैकी एकानंही कारंजं पाहिलेलं नव्हतं. मी सरांना विचारलं, मळा चालेल का. ते म्हणाले, "मळा म्हणजे बागच. पण समोर बसून पाहून काढ. पाहिल्याशिवाय एक रेघ मारायची नाही." हे वाक्य पुढे मीही मोताळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवताना जन्मभर पोरांना ऐकवलं, तेवीस बॅचेस तरी झाल्या असतील. सरांनी ते ज्या दिवशी सांगितलं आणि ज्या दिवशी स्वतःच मोडलं त्यात जेमतेम पंधरवड्याचं अंतर होतं, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

मग मी रोज सकाळी शाळेआधी मळ्यात जाऊन बसू लागले. विहिरीवर मोटरची खोपी होती, कुडाची, वर पाचट. तिच्याशेजारी तुरीची एक दाट ओळ. तुरीच्या मागे पोतं टाकून, मांडीवर परीक्षेचा पॅड घेऊन, पेल्यात पाणी घेऊन मी बसायची. थंडी अशी की ब्रश बोटांत आहे की नाही ते पाहून खात्री करावी लागायची. कागदावर दिलेला रंग दवामुळे वाळायचाच नाही, आभाळाचा निळा घरंगळत वांग्याच्या पानात यायचा. आणि पक्षी तर काय, ते माझ्यासाठी थांबले नव्हते. दांडाच्या कडेला धोबी पक्षी यायचा, पांढरा-करडा, शेपूट सारखं वर-खाली. आत्या त्याला शेपूटहाल्या म्हणायची. मी त्याचं शेपूट वर काढावं तर ते खाली, खाली काढावं तर वर, शेवटी माझ्या चित्रात त्याला तीन शेपट्या झाल्या. तारेवर वेडा राघू बसायचा, पण ऊन चढल्यावर, तेव्हा मला शाळेची जीप पकडायची असायची. पारव्यासारखा होला बसायचा आणि बसूनच राहायचा, म्हणून माझ्या वहीत सगळ्यात जास्त होले. हळूहळू मला कळलं की पक्षी एकदा काढायचा नसतो, तो तीच गोष्ट पुन्हा करतो, तेव्हा पुन्हा पाहायचं. चिमण्यांच्या नराची गळ्याखालची काळी दाढी भर थंडीत पुसट असते आणि संक्रांतीकडे काळी होत जाते, हे मी तेव्हा पाहिलं. घरात जन्मभर चिमण्या होत्या, पण हे मी कधी पाहिलं नव्हतं. आता माझी नात मोबाईल धरते आणि तो मोबाईल पक्ष्याचं नाव सांगतो. मला त्याचं कौतुकही वाटतं आणि रागही येतो.

त्यातल्याच एका सकाळी मी चिमणीला धागा नेताना पाहिलं. मादी होती, मातकट. आत्याच्या ओळीतल्या एका झाडावर ती उतरली, देठाशी हिसके मारले, एकदा, दोनदा, आणि चोचीत लाल लोकर लोंबत तशीच खोपीच्या पाचटात शिरली. फार तर चार-पाच सेकंद. मला इतका आनंद झाला की मी आधीचा होला ओल्या ब्रशनं पुसला आणि तिथे ती चिमणी काढली, वांग्याच्या जांभळ्या फुलांच्या वर, चोचीत लाल धागा. अख्ख्या हिरव्या-करड्या चित्रात तेवढाच लाल. मला चित्र चित्रासारखं पहिल्यांदाच वाटलं. धागा गेला म्हणजे कोणाचं तरी काम गेलं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. खोटं कशाला सांगू, आलं नाही. मी रंग पाहत होते.

सरांनी चित्र हातात धरून लांब केलं, जवळ आणलं. होले आवडले, धोबी आवडला. मग चिमणीवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय आहे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "चिमणी काडी नेते. लहान पोरालाही माहीत आहे. परीक्षक म्हणतील मुलीनं कल्पनेनं काढलं." मी म्हटलं, सर मी पाहिलंय. त्यांनी रागावून नाही, अगदी समजुतीनं विचारलं, "किती वेळ पाहिलंस? किती लांबून? तुमच्या खोपीवर मिरच्या वाळत घातल्यात ना? मग मिरचीचं टरफल असेल, नाहीतर उन्हाची तिरीप असेल." खोपीवर मिरच्या वाळत होत्या हे खरं. किती लांबून हे मला सांगता येईना. सरांनी शाळेतली पोस्टर कलरची पिवळी बाटली उघडून दिली आणि मी माझ्या हातानं लाल धाग्यावर पिवळी काडी काढली. चित्र लगेच सगळ्यांच्या चित्रासारखं दिसू लागलं. घरी येताना जीपमध्ये मी डोळे मिटून ती चिमणी पुन्हा पुन्हा आणून पाहिली, आणि तिच्या चोचीत कधी धागा दिसे, कधी काडी.

इकडे घरात वांग्यांवरून पेटलं होतं. रोजची टोपली आली की आई ती ओट्यावर ओतायची आणि म्हणायची, "पाय, आजही सगळे तुह्याच ओळीतले." आत्याच्या ओळीत बिनधाग्याची वांगी खूप निघत, आईच्या ओळीत जवळजवळ नाहीच. आधी आई नुसती बोलायची. मग ती बाबांसमोर बोलू लागली. आत्या सावलीत बसते, फुलं फळवतच नाही आणि ओळ झाली म्हणून सांगते, असा तिचा समज झाला. समज म्हणा, संशय म्हणा. आत्या म्हणायची, "दादा, म्या प्रत्येक फुलाले धागा बांधला. कुठे जाते मले नाही समजत." आई म्हणायची, "धाग्याले काय पाय आहेत?" शेवटी एका संध्याकाळी, आई भाकरी थापत असताना, बाबांनी चुलीकडे बघत सांगितलं की डोणगावहून निरोप आला आहे, ते लोक न्यायला तयार आहेत, संक्रांत झाली की शांतीला एसटीत बसवून देऊ. "काम तं काम नाही, अन् घरात कटकट," एवढंच ते म्हणाले.  आत्यानं ताटात हात धुतला आणि उठून पेटीवर जाऊन बसली. तिचा चेहरा पाहून मला इतकी भीती वाटली की मी घास तोंडात तसाच धरून बसले. डोणगावला तिचं काय होत होतं हे मला माहीत नव्हतं, पण तिला तिथे जाण्यापेक्षा मेलेलं बरं वाटतं एवढं दिसत होतं.

मी म्हणाले, "बाबा, धागे चिमणी नेते. म्या पाह्यलं."

आई हसली. "मंग माह्या ओळीत काऊन नाही येत तुही चिमणी? माह्यावर रुसली का?"  दांडाच्या अलीकडे-पलीकडे दहा पावलांचंही अंतर नाही, चिमणीला काय ओळी कळतात? बाबा म्हणाले, "कधी पाह्यलं? तवाच काऊन नाही सांगितलं?" मी म्हटलं, मी चित्र काढलंय. आणि धावत जाऊन आणलं. कंदिलाजवळ धरून बाबांनी पाहिलं, आईनं पाहिलं. चोचीत पिवळी काडी. मी विसरलेच होते. विसरले होते असं तरी मला आज वाटतं. मी बोट थुंकीनं ओलं करून त्या काडीवर घासू लागले, खाली लाल आहे, खाली लाल आहे, असं म्हणत. पिवळा निघाला, त्याच्याखालचा लाल निघाला, आणि दोन्ही मिसळून चिमणीच्या तोंडावर, छातीवर फरपटले. "हे तं रगत दिसते," आई म्हणाली. मी रडू लागले. आत्या पेटीवरून उठून माझ्याजवळ आली, पदरानं माझं बोट पुसलं आणि म्हणाली, "राहू दे माय." ते चित्र प्रदर्शनाला गेलं नाही. बाबा मात्र ते बराच वेळ पाहत राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॅडशिवाय तशीच मळ्यात गेले, तर मागून बाबा. "कुठे बसत असते तू?" मी जागा दाखवली. ते पोत्यावर माझ्याशेजारी बसले. जन्मभर ज्यांनी पाखरं हाकललीच, त्यांना गप्प बसून पाखरं पाहणं किती जड गेलं असेल. पहिल्या दिवशी त्यांनी तीनदा तंबाखू मळली आणि टाळीच्या आवाजानं सगळं उडून गेलं. मी म्हटलं, बाबा, टाळी नका वाजवू. ते ओशाळले. मी त्यांना सांगितलं की एका पाखराकडे रोखून पाहायचं नाही, सगळीकडे पाहायचं. मी बाबांना काही शिकवलं असं तेवढंच. त्या दिवशी शेपूटहाल्या आला, होले आले, चिमण्यांनी वाफ्यात धुळवड खेळली. धाग्याला कोणी शिवलं नाही. मला वाटलं आता बाबा उद्या येणार नाहीत.

आले. दुसऱ्या सकाळी धुई होती, मळाभर धुकं. आम्ही बसलो आणि थोड्या वेळानं आईच आली. आम्ही तुरीमागे आहोत हे तिला माहीत नव्हतं. तिच्या हातात लोकरीचा गुंडा होता. ती तिच्या पहिल्या ओळीत वाकली आणि एकेक फळ चाचपत पुढे सरकू लागली. जिथे धागा नव्हता तिथे ती थांबायची, सरळ उभी राहायची, आठवल्यासारखं तोंड करायची, आणि मग धागा बांधायची. ताणून, दोन गाठी. एक, मग थोडं पुढे अजून एक. म्हणजे तिच्या ओळीतलेही धागे जात होते. ते कुठे जातात हे तिलाही माहीत नव्हतं, आणि आत्यासारखं तसं म्हणायची तिला सोय नव्हती, पहिला प्लॉट, कंपनीचा माणूस, रद्द होण्याची भीती. कदाचित तिला प्रत्येक फूल खरंच आठवत असेल. ती तशी बाई होती, पेरलेली मेथी कोणत्या वाफ्यात कुठे विरळ उगवली तेसुद्धा सांगायची. पण मला त्या क्षणी तिचा राग आला, दया आली, आणि तिनं वर पाहू नये म्हणून मी मनात देवाचा धावा केला. मी सगळा वेळ आईकडेच पाहत होते. बाबा त्या वेळी कुठे पाहत होते ते मी पाहिलं नाही. आई ओळ संपवून गेली तेव्हा ते म्हणाले, "चाल, तुही जीप जाईन."

त्या संध्याकाळी चुलीपाशी बाबांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "आज म्या पाह्यलं. चिमणी नेते धागा. खोपीच्या पाचटात नेते." आत्यानं मान वर केली. बाबा पुढे म्हणाले, "शांतीच्याही ओळीतला नेते अन् तुह्याही." हे आईला. आईचा हात भाकरीवर थांबला. कंदिलाच्या उजेडात तिनं एकदाच बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली पाहिलं. "विहिरीजवळच्या दहाही ओळीतले वांगे यंदा खायले," बाबा म्हणाले, "बियाण्याले नाही. अन् शांती कुठे जात नाही." आईनं का म्हणून विचारायला पाहिजे होतं, धागा राहिलेली फळं तर बियाण्याचीच होती. तिनं विचारलं नाही. भाकरी उलटली, ती थोडी करपली होती, आणि तीच तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

मग त्या दहा ओळींची वांगी आम्ही खाल्ली, गावात वाटली, धाडच्या बाजारात नेली. आई आणि आत्या शेजारी बसून ती भाजत आणि सोलत. आईनं तिची माफी मागितल्याचं मी ऐकलं नाही. पण पुढे आत्याला ताप आला तेव्हा तिच्या उशाशी आईच बसली होती. आत्या आमच्या घरीच राहिली, शेवटपर्यंत. माझ्या लग्नात माझ्याहून जास्त ती मिरवली. मी खोपीच्या पाचटात हात घालून घरटं शोधायला हवं होतं, इतकं साधं. ते मी केलं नाही. बाबांनीही केलं नाही. उन्हाळ्यात पाचट बदललं तेव्हा मी मामाच्या गावी होते. मला वाटतं आम्हा दोघांनाही ते बघायचं नव्हतं.

पुष्कळ वर्षांनी, आई गेल्यावर, बाबा हिवाळ्यात माझ्याकडे बुलढाण्याला राहायला होते. सकाळी मी त्यांची बाज उन्हात टाकायची आणि शेजारी बसून भाजी निवडायची. एकदा मी धीर करून विचारलं, "बाबा, तुम्हाले खरंच दिसली होती का ती चिमणी?" त्यांना आधी आठवेना. मग आठवलं. ते म्हणाले, "नाही बा. धुई होती. तुले दिसली होती ना?"

मी भाजी निवडत होते. त्यांनी पुन्हा विचारलं, "दिसली होती ना, मंगे? म्या तुह्या भरवशावर म्हणलो."

"हाव," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि ऊन पायावर यावं म्हणून बाज जरा सरकवायला सांगितली. मी उठून ती सरकवली. डोळ्यांपुढे ती चिमणी होती, चोचीत कधी धागा, कधी काडी, आणि बाजेचा पाय दगडावर आपटला.